जीवनसत्त्वं प्लवकांतून वर कशी चढतात आणि वाटेत कुठे अडतात? (बी१, बी१२: हॅचरीपासून बाल्टिकपर्यंत)

खाजणकर

जिताड्याच्या बीजावरच्या धाग्यात एक वाक्य दोन-तीनदा आलं: "टाकी हिरवी आहे ना, मग जीवनसत्त्वांची काळजी कशाला?" तिथे अवांतर झालं असतं म्हणून हा वेगळा धागा.

हिरवं, म्हणजे शैवालाने भरलेलं पाणी म्हणजे ऊर्जा, प्रथिनं आणि जात बरी असेल तर चांगली मेदाम्लं. जीवनसत्त्वांचा हिशेब निराळा. बी१२ पृथ्वीवर फक्त काही जीवाणू आणि आर्किया (जीवाणूंसारखेच, पण वेगळ्या गटातले एकपेशीय) बनवतात. शैवाल नाही, कोपेपॉड (प्लवकांतला कोळंबीचा सूक्ष्म भाऊबंद) नाही, मासा तर नाहीच. २००५ मध्ये शैवालांच्या ३२६ जातींची जुनी-नवी माहिती एकत्र करून पाहिली, तेव्हा त्यातल्या १७१ जातींना बी१२ बाहेरून लागतं असं निघालं. म्हणजे निम्म्याहून जास्त. बी१ (थायामिन) साधारण पाचातल्या एकीला लागतं, बायोटिन विसातल्या एकीला. उन्हावर जगणारी ही मंडळी या एका बाबतीत जीवाणूंची मिंधी आहेत.

कुणाला लागतं हे घराण्यावरून ओळखता येत नाही. मेथिओनिन हे अमिनो आम्ल बनवायच्या शेवटच्या पायरीवर काम करणारी दोन एन्झाइमं आहेत. मेट-एचला बी१२ लागतं, मेट-ईला लागत नाही. ज्या जातीत मेट-ई शाबूत आहे ती बी१२ शिवाय निभावते, जिचं गळून गेलं ती अडकते. फिओडॅक्टायलम आणि थॅलासिओसायरा स्यूडोनाना, दोन्ही डायाटमच (सिलिकाचं कवच असलेली शैवालं). पहिलीचं बी१२ वाचून अडत नाही, दुसरीचं अडतं. आणि गंमत म्हणजे फिओडॅक्टायलमलाही आयतं बी१२ मिळालं की ती मेट-ई गुंडाळून ठेवते, कारण ते एन्झाइम संथ आहे आणि तेवढंच काम उरकायला पेशीला ते ढिगाने बनवावं लागतं.

जीवाणू काही दानधर्म करत नाहीत. विषाणूने जीवाणू फुटला, कुणी एकपेशीय शिकाऱ्याने तो खाल्ला आणि अर्धवट सांडला, किंवा शैवालाच्या पेशीला चिकटून तिची साखर खाताना थोडं झिरपलं, असं ते पाण्यात येतं. खुल्या समुद्रात विरघळलेलं बी१२ लिटरमागे काही पिकोमोल (मोलचा एक लाख कोटीवा भाग) असतं, कित्येकदा एकाहूनही कमी. कॅलिफोर्निया आणि बाहा कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगत काही बी-जीवनसत्त्वं मोजताच येऊ नयेत इतकी कमी असलेले पट्टे सापडले आहेत.

या धाग्यात दोन गोष्टींवर बोलू: हॅचरीत (मासे-कोळंबीचं बीज काढायच्या केंद्रात) हे कसं सांभाळायचं, आणि निसर्गात बी१ माशापर्यंत पोचत नाही तेव्हा काय होतं.

तरंगती

चांगला विषय. एक शंका. नील-हरित जीवाणू (सायनोबॅक्टेरिया) बी१२ बनवतात म्हणतात. मग टाकीत स्पिरुलिनाची पूड टाकली की काम झालं ना? बाजारात "नैसर्गिक बी१२" म्हणून ती विकतातही.

आम्लपित्त

नाही, इथे नावाने फसगत होते. बी१२ च्या रेणूत मध्यभागी कोबाल्ट आणि त्याला खालून धरलेला एक तुकडा असतो. खऱ्या बी१२ मध्ये तो तुकडा डायमेथिलबेन्झिमिडॅझोलचा (यापुढे डीएमबी) असतो. स्पिरुलिना, समुद्रातला सायनेकोकॉकस वगैरे मंडळी त्या जागी अॅडेनिन बसवतात. त्याला स्यूडोकोबालामिन म्हणतात. माणसाला त्याचा उपयोग नाही, आणि बी१२ लागणाऱ्या बहुतेक शैवालांना खऱ्याच्या तुलनेत ते कित्येक पटींनी जास्त द्यावं लागतं तेव्हा कुठे वाढ दिसते. मोजक्या जाती पाण्यातून डीएमबी उचलून अॅडेनिनच्या जागी बसवतात आणि दुरुस्त करून वापरतात. बाकीच्यांच्या दृष्टीने ती चुकीच्या दातांची किल्ली: भोकात जाते, फिरत नाही.

त्यामुळे जुन्या जैविक चाचण्यांचे आकडे जपून वाचा. ज्या चाचणीत एखादा जीवाणू वाढतो की नाही यावरून बी१२ मोजतात, त्या जीवाणूला स्यूडो प्रकारही चालत असेल तर आकडा फुगतो.

समुद्रात खरं बी१२ बनवणाऱ्यांत थॉमार्किओटा नावाचे आर्किया महत्त्वाचे आहेत. ते अमोनियावर जगतात आणि खोल पाण्यात भरपूर असतात. वरच्या थरात मोठा वाटा काही विशिष्ट जीवाणूंचा.

कारबॉय

हॅचरीच्या बाजूने लिहितो. एफ/२ माध्यमाचा (समुद्री शैवाल वाढवायच्या नेहमीच्या पोषक पाण्याचा) जीवनसत्त्वांचा साठा, सुरुवातीपासून.

आधी दोन प्राथमिक द्रावणं. बी१२ (सायनोकोबालामिन): १ ग्रॅम प्रति लिटर, एवढं लागत नाही, १० मिलिग्रॅम १० मिलिलिटरमध्ये करा. बायोटिन: ०.१ ग्रॅम प्रति लिटर, म्हणजे १० मिलिग्रॅम १०० मिलिलिटरमध्ये. बायोटिन गार पाण्यात लवकर विरघळत नाही. पाणी कोमट करा, ढवळत रहा, तळाशी पांढरे कण दिसेनासे झाल्याशिवाय पुढे जाऊ नका. यात लोक घाई करतात आणि मग साठ्यात बायोटिन नावापुरतंच उरतं.

मग एक लिटरचा कामाचा साठा: सुमारे ९५० मिलिलिटर डिस्टिल्ड पाण्यात थायामिन हायड्रोक्लोराइड २०० मिलिग्रॅम, बी१२ च्या प्राथमिक द्रावणातलं १ मिलिलिटर, बायोटिनच्या प्राथमिक द्रावणातलं १० मिलिलिटर. एकूण एक लिटर करा. ०.२ मायक्रॉनच्या निर्जंतुक सिरिंज फिल्टरमधून गाळून १० मिलिलिटरच्या कुप्यांत भरा, फॉइल गुंडाळा, फ्रीझरमध्ये ठेवा. लिटरभर माध्यमाला १ मिलिलिटर.

सोडियम नायट्रेट ७५ मिलिग्रॅम आणि सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट ५ मिलिग्रॅम प्रति लिटर हे सगळ्यांना पाठ असतंच. सिलिकेट (नऊ पाण्याचं, ३० मिलिग्रॅम) फक्त डायाटमला. आयसोक्रायसिस, नॅनोक्लोरोप्सिसला घालू नका, उगाच गाळ बसतो.

आम्लपित्त

कारबॉय, एक दुरुस्ती. तुमच्या साठ्यातून लिटरला ०.५ मिलिलिटर घालायचं, १ नाही. हिशेब: साठ्यात बी१२ लिटरमागे १ मिलिग्रॅम. एफ/२ ला लागतं ०.५ मायक्रोग्रॅम. बायोटिन तेवढंच, थायामिन १०० मायक्रोग्रॅम. अर्ध्या मिलिलिटरमध्ये तिन्ही बरोबर बसतात.

कारबॉय

बरोबर, हात सवयीने १ वर गेला. नायट्रेट-फॉस्फेटचे साठे १ मिलिलिटरचे असतात, त्यांच्या ओळीत हेही बसलं. दुप्पट गेलं तर शैवालाचं काही बिघडत नाही, पण आकडा चुकीचा फिरायला नको.

पाणकोंबडी

ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेत निर्जंतुक) करून घेतलं तर? फिल्टर महाग पडतात. काही ठिकाणी सगळं एकत्र घालून सरळ १२१ अंशांवर पंधरा मिनिटं ठेवतात, आणि शैवाल वाढतंही.

आम्लपित्त

वाढतं, आणि का वाढतं तेच या विषयातलं सगळ्यात रंजक प्रकरण आहे.

थायामिन आम्लात टिकतं, अल्कलीत मोडतं. समुद्राच्या पाण्याचा पीएच आठच्या वर. त्यात उष्णता दिली की रेणू मधोमध तुटतो: एका बाजूला पिरिमिडिनचा तुकडा (एचएमपी), दुसऱ्या बाजूला थायाझोलचा. ऊन लागलं तरी तो हळूहळू मोडतोच. आता, "बी१ लागणाऱ्या" शैवालांपैकी कित्येकांना अख्खं थायामिन नकोच असतं. त्यांना एकच तुकडा बनवता येत नसतो. तो मिळाला की दुसरा स्वतः बनवून जोडतात. एमिलियानिया हक्सली या समुद्री शैवालाचं एचएमपीवर भागतं. समुद्रात सर्वांत जास्त संख्येने असलेला एसएआर११ जीवाणू तर एचएमपीवरच जगतो, त्याला अख्खं थायामिन देऊन उपयोग होत नाही. अशा जातींना ऑटोक्लेव्ह केलेल्या माध्यमात काही कमी पडत नाही. ज्या जातीला अख्खा रेणू लागतो ती दोन-तीन वाराने (वार म्हणजे थोडं शैवाल काढून नव्या माध्यमात घालणं) बसते, आणि मग "स्ट्रेन (वाण) म्हातारा झाला" असं निदान होतं.

समुद्रातही हेच चालतं. मोडलेलं थायामिन वाया जात नाही, त्याच्या सुट्या भागांवर एक अख्खा समाज पोसला जातो. म्हणून "पाण्यात बी१ किती" एवढाच आकडा अपुरा आहे, सुटे भाग किती तेही बघावं लागतं.

स्वस्तात करायचं तर: माध्यम ऑटोक्लेव्ह करा, ते खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग गाळलेलं जीवनसत्त्व घाला. एक सिरिंज फिल्टर १०० मिलिलिटर साठा सहज काढतो, आणि त्यात २०० लिटर माध्यम होतं. महाग कुठे पडलं?

तरंगती

आपल्याकडच्या स्ट्रेनला काय लागतं हे हॅचरीत तपासता येईल का? यादीतलं नाव आणि कारबॉयमधलं (मोठ्या बाटलीतलं) शैवाल एकच असेल याची खात्री नसते.

कारबॉय

येईल. चार फ्लास्क: सगळं घातलेलं, बी१२ वगळून, बी१ वगळून, बायोटिन वगळून. प्रत्येकात ९५ मिलिलिटर माध्यम आणि ५ मिलिलिटर इनॉक्युलम (विरजणासारखं घालायचं जुनं शैवाल). शैवाल ऐन वाढीवर आलं की त्याच फ्लास्कमधून पुढच्या ९५ मध्ये ५, असं करत जा.

पहिल्या वाराला काही दिसणार नाही. का, ते आकड्यात बघा. इनॉक्युलमबरोबर जुनं माध्यम येतं आणि त्यात बी१२ जवळजवळ ३७० पिकोमोल असतं (०.५ मायक्रोग्रॅम म्हणजे तेवढंच). एका वारात ते वीसपट पातळ होतं, दोनात ४०० पट म्हणजे एका पिकोमोलच्या खाली, तिनात ८००० पट. शिवाय पेशी स्वतःच्या पोटात साठा घेऊन येतात. खरा फरक तिसऱ्या-चौथ्या वाराला दिसतो. एका वारावर निकाल देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

दुसरी अडचण जीवाणूंची. कारबॉयमधलं शैवाल एकटं नसतं. बरोबरचे जीवाणू बी१२ पुरवत असतील तर वगळलेला फ्लास्कही छान वाढतो आणि तुम्ही "या स्ट्रेनला लागत नाही" असं लिहून मोकळे होता. लाल शैवाल पॉर्फिरिडियम आणि हॅलोमोनास जीवाणू ही जोडी यासाठी प्रसिद्ध आहे. निर्जंतुक स्ट्रेन नसेल तर निकाल असा लिहा: "या स्ट्रेनला, त्याच्या सोबतच्या जीवाणूंसकट, बाहेरून द्यावं लागत नाही." हॅचरीला तेवढं पुरतं. फक्त मग अँटिबायोटिक मारून कल्चर "स्वच्छ" केलंत तर आठवड्याभरात ते का झोपलं याचं आश्चर्य वाटून घेऊ नका.

मोठ्या उघड्या टाक्यांसाठी आपल्याकडे खतवजा माध्यमं वापरतात (पोटॅशियम नायट्रेट, फॉस्फेट, फेरिक क्लोराइड, सिलिकेट), त्यांत जीवनसत्त्वं नसतातच. तरी चालतं, कारण उघडं पाणी जीवाणूंनी भरलेलं असतं. पण ही ढिलाई शेवटच्या टाकीपुरती. फ्लास्क आणि कारबॉयच्या पातळीवर जीवनसत्त्व हवंच.

पाणकोंबडी

मग कोळंबीच्या तळ्यातही बी१२ टाकून पाण्याचा रंग सुधारता येईल का? "प्लँक्टन बूस्टर" नावाच्या बाटल्यांत बी-कॉम्प्लेक्स असतं.

खाजणकर

हिशेब करू. एक एकर तळं, एक मीटर पाणी: सुमारे ४० लाख लिटर. एफ/२ च्या मात्रेने बी१२ लागेल २ ग्रॅम, थायामिन ४०० ग्रॅम. पैशाच्या दृष्टीने फार नाही. पण तळ्यात शैवालाच्या आधी जीवाणू ते खातात, उरलेल्यावर आपलं ऊन पडतं, आणि मुळात तळाच्या गाळातले जीवाणू खालून बी१२ पुरवतच असतात. तळ्याचं पाणी उतरतं ते बहुधा नत्र-स्फुरदाचं प्रमाण बिघडून, अल्कलिनिटी खाली जाऊन किंवा पावसाने क्षारता एकदम पडून. ते आधी मोजा. बाटलीने रंग आला असं वाटतं तेव्हा बहुतेकदा तिच्यातल्या मळी-युरियाचं ते काम असतं.

बी१२ खरोखर मोजूनमापून टंचाईत असतं ते किनाऱ्यापासून लांब. अंटार्क्टिकाच्या रॉस समुद्रात लोह आणि बी१२ दोन्ही मिळून घातले तेव्हा काही ठिकाणी वाढ नुसत्या लोहापेक्षा जास्त झाली. आपल्या सांडपाण्याने भरलेल्या खाड्यांत अशी टंचाई असण्याची शक्यता कमीच, कारण मैलापाण्यातल्या जीवाणूंच्या गाळात बी१२ भरपूर असतं. उलट अंगाने विचार करा: फुलोरा आणणाऱ्या उपद्रवी शैवाल-जातींपैकी २७ तपासल्या, तर २६ ना बी१२ लागत होतं आणि २० ना बी१. खाडीत ते फुकट वाटणं म्हणजे कुणाची सोय, हे बघा.

तरंगती

रोटिफरबद्दल (माशांच्या पिल्लांना खायला वाढवतात तो सूक्ष्म प्राणी) कुणी लिहील का? यीस्टवर चाललेली टाकी दहा-बारा दिवसांत ढेपाळते ही तक्रार सगळीकडे ऐकू येते.

कारबॉय

ब्रॅकिओनसला (हॅचरीतल्या नेहमीच्या रोटिफरला) बी१२ लागतं आणि बेकरीच्या यीस्टमध्ये ते नसतं. पहिले काही दिवस टाकीतल्या जीवाणूंकडून आणि जुन्या शैवालाच्या शिदोरीवर निभतं, मग उतार लागतो. यीस्टचा ठरलेला दर दहा लाख रोटिफरला दिवसाला एक ग्रॅम. संख्या घटते आहे म्हणून लोक यीस्ट वाढवतात, न खाल्लेलं तळाला कुजतं, अमोनिया चढतो, आणि दोष अमोनियाला जातो. तोही असतोच, पण सुरुवात त्याने झालेली नसते.

जपानात यावर उपाय निघाला तो गोड्या पाण्यातल्या क्लोरेलाचा. क्लोरेला व्हल्गॅरिस स्वतः बी१२ बनवत नाही आणि तिला ते लागतही नाही, पण पाण्यात असलं तर शोषून साठवते. वाढीच्या माध्यमात बी१२ घालून भरलेली ही घट्ट क्लोरेला रोटिफरला दिली की बी१२ थेट पोटात जातं. विरघळवून टाकीत घातलं तर बराचसा भाग जीवाणू खातात आणि रोटिफरला जीवाणूंमार्फतच मिळतो. चालतं, पण भरवसा कमी.

रोज एक मिलिलिटर नमुना, लुगॉलचा (आयोडीनच्या द्रावणाचा) थेंब, मोजणीच्या काचेवर माद्या आणि त्यांना चिकटलेली अंडी वेगवेगळी मोजा. एकूण संख्या अजून चढती असते तेव्हाच मादीमागे अंडी कमी व्हायला लागतात. ती घसरण सलग दोन दिवस दिसली की बीज लांबवू नका, टाकी काढून घ्या आणि अर्धी नव्या पाण्यात शैवालावर सुरू करा.

क जीवनसत्त्वाचा मामला सोपा आहे, शैवालं ते स्वतः मुबलक बनवतात. यीस्टवरचे रोटिफर मात्र त्यातही कोरडे, म्हणून पिल्लांना देण्याआधी काही तास तरी शैवालावर ठेवा. आर्टेमियाच्या (पिल्लांना देतात त्या छोट्या कवचधारी जिवाच्या) सुप्त अंड्यांत ते सल्फेटच्या रूपात बांधलेलं असतं आणि उबवताना मोकळं होतं.

पाणकोंबडी

आता बाल्टिकचं सांगा. शीर्षकात आहे म्हणून थांबलेय.

खाजणकर

स्वीडनच्या हॅचऱ्यांत १९७४ मध्ये पहिल्यांदा नोंद झाली म्हणून रोगाचं नाव एम७४; एम हे पर्यावरणाला असलेल्या स्वीडिश शब्दाचं (miljö) आद्याक्षर. बाल्टिक समुद्रातून नदीत परतलेल्या सॅमनची अंडी नीट फुटतात, पिल्लं पिवळ्या बलकाच्या पिशवीवर जगत असतात, आणि खायला लागायच्या आधीच कलंडतात, गिरक्या घेतात, मरतात. १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात कित्येक नद्यांमध्ये निम्म्याहून जास्त पिल्लं अशी गेली. जंतू सापडला नाही, विषही सापडलं नाही. कमी होतं ते थायामिन, आणि ते आईनेच अंड्यात घातलेलं नव्हतं.

बी१ ऊर्जेच्या भट्टीतला भाग आहे. जितकी ऊर्जा जाळाल तितकं ते जास्त लागतं. म्हणून "किलोमागे किती थायामिन" हा प्रश्न चुकीचा. "कॅलरीमागे किती" हे विचारायला हवं. १९८० च्या दशकाच्या अखेरीस बाल्टिकमध्ये कॉड माशाची संख्या कोसळली. कॉडचं भक्ष्य असलेला स्प्रॅट मासा बेसुमार वाढला. छोटा, कोवळा स्प्रॅट हेरिंगपेक्षा तेलकट, आणि त्याच्यात कॅलरीमागे थायामिन कमी. सॅमनने पोटभर खाल्लं, जाड झाला, आणि बी१ च्या बाबतीत उपाशी राहिला. त्यात त्या तेलातली बहुअसंतृप्त मेदाम्लं अंगात ऑक्सिडाइज होतात आणि थायामिन आणखी खर्ची पडतं. शिवाय अंडी घालायला नदीत चढणारा सॅमन महिनोन् महिने खात नाही. त्या उपासात चरबी जळते आणि उरलंसुरलं बी१ जातं.

रोग मधे ओसरला आणि २०१० च्या दशकाच्या उत्तरार्धात पुन्हा वर आला.

तरंगती

म्हणजे दोष स्प्रॅटचा, प्लवकाचा नाही?

खाजणकर

इथेच अभ्यासकांत अजून भांडण आहे. प्लवकाच्या बाजूचा पुरावा असा: शैवालातलं थायामिन जातीप्रमाणे आणि क्षारता, तापमान, प्रकाश यांप्रमाणे कितीतरी बदलतं. हॅचरीतल्या नेहमीच्या काही जातींत कोरड्या वजनाच्या ग्रॅममागे २९ पासून १०९ मायक्रोग्रॅमपर्यंत मोजलं गेलंय, म्हणजे साडेतीन पटींहून जास्त फरक. बाल्टिकमध्ये उन्हाळ्यात दोऱ्यासारख्या सायनोबॅक्टेरियाचा तवंग येतो. तो जिथे जास्त, तिथल्या प्राणिप्लवकांत थायामिन कमी आढळलं आहे. तो दोरा कोपेपॉडला धड खाता येत नाही. म्हणजे अन्नसाखळीच्या तळाशी थायामिन बनत असूनही पुढच्या तोंडात जात नाही.

माझं मत असं की दोन्ही खरं आहे आणि एकाने दुसरं खोटं ठरत नाही. वाट अरुंद झाली ती एकाच जागी नव्हे.

आम्लपित्त

आणि एक तिसरी वाट आहे, तिच्यात थायामिन पोटात जाऊन मोडतं. थायामिनेज. काही माशांच्या अंगात हे एन्झाइम असतं आणि ते खाणाऱ्याच्या आतड्यात बी१ चे तुकडे करतं. हे १९३० च्या दशकात अमेरिकेत मिनेसोटातल्या कोल्हे पाळणाऱ्या फार्मवर कळलं: कच्चा कार्प खाऊन कोल्ह्यांना लकवा झाला.

उत्तर अमेरिकेच्या महासरोवरांत एलवाइफ हा समुद्री हेरिंगचा भाऊबंद कालव्यातून घुसला आणि लेक ट्राउटचं मुख्य खाणं झाला. त्याच्यात थायामिनेज भरपूर. ट्राउटच्या अंड्यात ग्रॅममागे एकूण थायामिन ४ नॅनोमोलच्या वर असावं हे तिथलं लक्ष्य. म्हणजे जेमतेम एक मायक्रोग्रॅम. दीडच्या आसपास आलं की निम्मी पिल्लं जातात. २००३-०४ मध्ये ह्युरॉन सरोवरात एलवाइफ कोसळला, आणि त्यानंतर अंड्यातलं थायामिन चढलं आणि तळ्यातच जन्मलेली ट्राउटची पिल्लं दिसू लागली. एवढा स्वच्छ प्रयोग कुणी ठरवूनही केला नसता. २०२० च्या सुरुवातीला कॅलिफोर्नियाच्या सेंट्रल व्हॅलीत चिनूक सॅमनच्या हॅचऱ्यांत तशीच गिरक्या घेणारी पिल्लं दिसली. त्या काळात समुद्रात चिनूकच्या पोटात जवळजवळ सगळी अँकोवीच होती, आणि तिच्यातही थायामिनेज असतं.

उपाय मात्र साधा. पिल्लांना लिटरला १ ग्रॅम थायामिन हायड्रोक्लोराइडच्या पाण्यात तासभर ठेवतात, किंवा अंडी घालायच्या आधी मादीला टोचतात. बुडवणीत चूक होते ती आम्लाची. थायामिन हायड्रोक्लोराइड आम्लधर्मी आहे. नदीच्या मऊ पाण्यात ग्रॅमभर घातलं की पीएच धाडकन खाली येतो आणि पिल्लं औषधाने नाही, आम्लाने मरतात. लिटरला सुमारे पाव ग्रॅम खायचा सोडा घालून पीएच सातच्या जवळ आणा, हवा चालू ठेवा म्हणजे सुटलेला कार्बन डायऑक्साइड निघून जाईल, मगच पिल्लं सोडा. सोडा जास्त झाला तर अल्कलीत थायामिनच मोडेल. आधी मीटर लावून बघा. ही मात्रा थंड पाण्यातल्या सॅमन-ट्राउटची आहे, जिताड्याच्या पिल्लांवर तशीच वापरू नका.

कारबॉय

जिताड्याचा विषय निघालाच आहे तर: मादी-नर सांभाळणाऱ्या टाक्यांत कच्ची मासळी घालणाऱ्यांनी हे वाचावं. रोज एकच एक स्वस्त मासळी, तारली किंवा मांदेली, महिनोन् महिने, ही सवय वाईट. तारली हेरिंगच्या गोतातली, मांदेली अँकोवीच्या, आणि त्या दोन्ही घराण्यांत थायामिनेजवाल्या जाती आहेत. मोजून घेतलेलं नसेल तोवर संशयित धरा. बर्फात किंवा डीप फ्रीझरमध्ये ठेवून हे एन्झाइम मरत नाही, साठवणीतही हळूहळू मासळीतलंच बी१ खात राहतं. उकळलं की मरतं. पण उकळलेली मासळी पाण्यात विरघळून टाकी घाण करते, म्हणून बहुतेक जण टाळतात.

मग निदान तीन-चार प्रकारची मासळी आलटून पालटून द्या, माकुल-कोळंबी मधे घाला. आणि थायामिनची गोळी कच्च्या तारलीच्या पोटात भरून देत असाल तर लगेच द्या, दोन-चार तास आधी भरून ठेवण्याचा शहाणपणा करू नका. तेवढ्यात एन्झाइम गोळीच खाऊन टाकतं. डॉल्फिन-सील सांभाळणाऱ्या मत्स्यालयांची रीत: मासळीच्या किलोमागे थायामिन २५ ते ३० मिलिग्रॅम आणि ई जीवनसत्त्व १०० युनिट, आणि मुख्य जेवणाच्या आधी वेगळं.

पाणकोंबडी

कोपेपॉडमधलं बी१ मोजायचं असेल तर नमुना कसा घ्यावा? आमच्याकडे फ्लुओरोमीटर (चमक मोजायचं यंत्र) आहे, बाकी काही नाही.

आम्लपित्त

फ्लुओरोमीटर असेल तर थायोक्रोम पद्धत होते. २०० मायक्रॉनच्या जाळीने ओढा, हळू. ताबडतोब गाळलेल्या समुद्राच्या पाण्यात तासभर सोडा म्हणजे आतडी रिकामी होतील. नाही तर तुम्ही कोपेपॉड न मोजता त्याचं जेवण मोजाल. मग सूक्ष्मदर्शकाखाली निवडा. जाळीत अडकलेल्या डायाटमच्या साखळ्या आणि कचरा तसाच राहिला तर आकडा कशाचा आहे ते सांगता येत नाही. नमुना लगेच गोठवा, उणे ८० ला शक्य असेल तर उत्तम, आणि उजेड टाळा.

अर्क ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात, गरम करून. पेशीतलं बहुतेक थायामिन डायफॉस्फेटच्या रूपात असतं, त्यामुळे पीएच साडेचारच्या आसपास आणून फॉस्फेटेज असलेलं टाकाडायास्टेज घाला आणि फॉस्फेट तोडा. ही पायरी गाळली की फक्त मोकळं थायामिन मिळतं आणि "कोपेपॉडमध्ये बी१ नाहीच" असा चमत्कारिक निष्कर्ष निघतो. मग अल्कलीत पोटॅशियम फेरिसायनाइड, निळी चमक, आयसोब्युटॅनॉलमध्ये काढून घ्यायची. उत्तेजन ३६५ ते ३७५ नॅनोमीटर, उत्सर्जन ४३५ च्या आसपास. प्रत्येक नमुन्याचा फेरिसायनाइड न घातलेला जोडीदार ठेवा, कारण शैवालाच्या रंगद्रव्यांची स्वतःची चमक बरीच असते. ती वजा करायची.

निकाल कोरड्या वजनावर लिहाच, पण कार्बनवर किंवा कॅलरीवरही लिहा. वर खाजणकरांनी स्प्रॅटचं जे सांगितलं ते फक्त वजनावरच्या आकड्यातून दिसलंच नसतं.

तरंगती

मोठं काम आहे, पण समजलं. शेवटचा प्रश्न, अगदी किरकोळ: गोठवलेल्या जीवनसत्त्वाच्या कुप्या कितीदा वितळवता येतात?

कारबॉय

एकदाच. उरलं तर फेका, म्हणूनच १० मिलिलिटरच्या कुप्या. कुपीवर नाव, तारीख आणि "लिटरला ०.५" असं मार्करने लिहा आणि वरून सेलोटेप मारा, ओल्या हाताने अक्षरं पुसतात. गुलाबी छटा बी१२ ची असते, पण या साठ्यात ते इतकं पातळ आहे की ती जवळजवळ दिसत नाही. रंग नाही म्हणून बी१२ घालायचं राहिलं असं समजून पुन्हा घालू नका.